साजगाव ते बंदर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्वतःची गाडी घेऊन कुणी लांबचा प्रवास करून आलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती तासांत पोचलात?’ पुण्याहून पणजीला कोण किती तासांत गेलं, कुणी चहालासुद्धा गाडी थांबवली नाही, यावर लग्नाच्या पंगती उठेपर्यंत गप्पा रंगतात. वाटेत काय दिसलं, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो.

आज मी ज्या प्रवासाबद्दल बोलणार आहे, तो साधारण अकराशे किलोमीटरचा होता. एखादा कसलेला चालक हे अंतर दोन दिवसांत कापील. आम्हाला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांचा बेत आखायला चार महिने. बेताबद्दलच मुख्यतः सांगायचं आहे, कारण प्रवासाची खरी मजा आणि खरी काळजी तिथेच होती.

आमचं गाव साजगाव. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला लागून. कार्तिकी एकादशीपासून भरणाऱ्या विठोबाच्या यात्रेमुळे हे नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. आमच्या विठोबाला ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. तुकाराम महाराज मिरच्या विकायला कोकणात उतरले, उधारी बुडायची वेळ आली, तेव्हा विठोबाने स्वतः दारोदार बोंब ठोकून ती वसूल केली, अशी कथा इथे सांगतात. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. विठोबाची यात्रा आणि सुके बोंबील हे समीकरण घाटावरच्या पाहुण्यांना पचायला जरा वेळ लागतो. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात नोकरीला होते. टाटांचं हे केंद्र १९१५ साली सुरू झालं. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरवावी, ही त्यामागची कल्पना. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे धरणं बांधून पावसाचं पाणी अडवलं आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून ते मोठमोठ्या नळांतून खाली खोपोलीला आणलं. वीज करून झाली की हेच पाणी पाताळगंगेला मिळतं. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. आमची पाताळगंगा वाहत राहते, ती या पाण्यामुळे.

आता यातली गंमत पाहा. घाटमाथ्यावर पडलेलं हे पाणी मुळात आमचं नव्हे. तो उतार पूर्वेचा आहे. धरणं नसती तर ते पाणी इंद्रायणीतून देहू-आळंदीवरून गेलं असतं, तुळापूरला भीमेत मिसळलं असतं, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेतलं असतं, रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला भेटलं असतं आणि शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. माणसाने त्याला मागे वळवलं, म्हणून ते चार पावलांवरच्या अरबी समुद्रात जातं. अण्णा आम्हाला लहानपणापासून हे सांगत आले. जेवताना पाण्याचा तांब्या पुढे केला, की म्हणायचे, ‘जपून प्या, हे मछलीपट्टणमचं पाणी आहे.’ आम्ही हसायचो. मछलीपट्टणम कुठे आहे, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. अण्णांनीही ते कधी पाहिलेलं नव्हतं.

मग काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांना. या रोगात नजरेचा घेर कडेकडेने मिटत जातो. समोरचं बराच काळ दिसतं, बाजूचं जातं. झरोक्यातून पाहावं तसं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची. अण्णांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘यांना कुठे लांब न्यायचं मनात असेल, तर फार पुढे ढकलू नका.’ त्या रात्री मी शाळेतला जुना नकाशासंग्रह काढला.

नकाशात पाहिलं, तर रस्ता अगदी सरळ होता. पुण्याहून निघालेला ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत थेट मछलीपट्टणमला जाऊन संपतो. पूर्वी तो ९ क्रमांकाचा होता. आपण दक्षिणोत्तर प्रवास पुष्कळ करतो. दिल्ली, बंगळूर, कन्याकुमारी. देश आडवा कापत एका समुद्राकडून दुसऱ्याकडे जावं, हे सहसा सुचत नाही. आणि हा रस्ता जवळजवळ त्या पाण्याच्या मूळ वाटेनेच जातो. कुठे नदीला खेटून, कुठे शंभर मैल दूर, पण दिशा तीच.

घरात सांगितलं, तर धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, हैदराबादपर्यंत विमानाने जा, पुढे भाड्याची गाडी कर. अण्णांना कशाला हाल?’ त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. अण्णांनी ते नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘विमानातून पंढरपूर दिसतं का रे?’ विषय संपला. आई म्हणाली, अण्णा जिथे तिथे मी. गाडी आळीपाळीने चालवायला माझा भाचा तयार झाला. अशी आम्ही चार माणसं.

आता बेत. निसर्गरम्य प्रवासाचा बेत म्हणजे ‘प्रेक्षणीय स्थळांची’ यादी करायची आणि ती ठिकाणं रस्त्याने जोडायची, अशी आपली समजूत असते. मीही यादी केली होती, चांगली चाळीस ठिकाणांची. पण ज्याच्यासाठी जायचं, त्याला बाजूचं दिसत नाही. खिडकीतून पळणारी झाडं, डावीकडचा किल्ला, उजवीकडचं तळं हे सगळं अण्णांच्या दृष्टीने नव्हतंच. त्यांना दिसणार होता समोरचा रस्ता, आणि गाडी थांबवून तोंड वळवून उभं राहिलं, तर समोर येईल ते. त्यामुळे चालकाशेजारची जागा आठही दिवस त्यांची ठरली. आणि ‘जाता जाता पाहू’ हे तीन शब्द आम्ही बेतातून काढून टाकले. पाहायचं असेल तर थांबायचं, थांबायचं नसेल तर त्या ठिकाणाचं नाव काढायचं नाही. चाळीसांतली सात ठिकाणं उरली. पुढे लक्षात आलं, की धडधाकट डोळ्यांच्या माणसानेही असाच बेत करायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात आमचा बोरघाट देखणा असतो, पण धुक्यात नीट नजर असलेल्यालाही दहा हातांपुढचं दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंध्राच्या किनाऱ्यावर वादळांची भीती. १९७७ च्या नोव्हेंबरात कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमेत समुद्र आत घुसून हजारो माणसं गेली, ते जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. उन्हाळ्यात सोलापूर ते विजयवाडा हा तव्यावरचा प्रवास. राहिला पौष-माघ. भिंतीवरची दिनदर्शिका काढून पाहिली, तर माघी एकादशीला पंढरपुरात वारी. तेव्हा तिथे खोली मिळणं आणि अण्णांना गर्दीतून नेणं दोन्ही कठीण. म्हणून माघी वारीच्या पुरेसं आधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं नक्की केलं.

त्या दिवसांत एक धोका मात्र असतो, आणि तो शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ हा सगळा साखर कारखान्यांचा मुलूख. गळीत हंगाम ऐन भरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत उंच रचलेला ऊस, मागे दिवा नाही, परावर्तक नाही. अंधारात अशी ट्रॉली पुढे आली, की ती अगदी अंगाशी आल्यावरच कळते. म्हणून पहिला नियम केला, दिवेलागणीला गाडी मुक्कामाच्या दारात हवी. त्यातही पूर्वेला जाल तसा दिवस लवकर मावळतो. घड्याळ देशभर एकच, पण साजगाव आणि मछलीपट्टणम यांच्यामध्ये रेखांशाचं अंतर पावणेआठ अंशांचं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने अर्धा तास. सहा वाजता साजगावात लख्ख उजेड असतो. तिकडे त्याच वेळी सूर्य टेकलेला असतो.

सूर्याचा आणखी एक हिशेब होता, तो अण्णांच्या डोळ्यांचा. काचबिंदूच्या माणसाला समोरून येणारी तिरीप फार त्रास देते. लांबच्या प्रवासाला पहाटे निघावं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. पण पुणे-सोलापूर रस्ता आग्नेयेला जातो आणि जानेवारीत सूर्यही आग्नेयेच्या अंगालाच उगवतो. पहाटे निघालो असतो, तर सकाळचे दोन-अडीच तास सूर्य काचेतून थेट अण्णांच्या डोळ्यांत. म्हणून आम्ही रोज नाश्ता करून, साडेनवानंतर निघालो. ऊन माथ्यावर चढलं की रस्ता मोकळा दिसतो, आणि दुपारनंतर सूर्य पाठीशी गेला की पुढचं सगळं उजळून निघतं. साडेनऊला निघून दिवस मावळायच्या आत पोचायचं, मध्ये जेवण, दोन-तीन थांबे, आईचे गुडघे मोकळे करायला दर दीड तासाला पाच मिनिटं. वजाबाकी केली, तर दिवसाला दोनशे किलोमीटर उरतात. हैदराबाद ते विजयवाडा एवढा एकच टप्पा पावणेतीनशेचा होता, कारण मध्ये मनासारखा मुक्काम सापडला नाही.

गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमची साधी छोटी गाडी. टायर बदलले, स्टेपनीत हवा भरली, जॅक खरोखर चालतो का ते अंगणातच करून पाहिलं. खासगी गाडीला दुसऱ्या राज्यात जायला वेगळा परवाना लागत नाही. नोंदणीचे कागद, विमा, प्रदूषणाचं प्रमाणपत्र आणि चालकांचे परवाने बरोबर असले की झालं. टोलसाठी फास्टॅग लागतो, त्यात पैसे भरून ठेवले. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि ११२ हे दोन्ही आईने मोठ्या अक्षरांत लिहून पुढच्या काचेखाली चिकटवले. अण्णांचे रात्रीचे थेंब उन्हात तापून चालणार नव्हते. उभ्या गाडीत दुपारी भट्टी होते. म्हणून ती बाटली थंड पाण्याच्या बाटल्यांबरोबर एका जाड पिशवीत, आणि ती पिशवी गाडीत कधीच एकटी ठेवायची नाही, ही जबाबदारी भाच्याची. आठ दिवस तो देवळातही ती पिशवी खांद्याला लावून फिरला.

निघालो. खोपोलीतून द्रुतगती मार्गाने न जाता जुन्या घाटाने चढलो. हा चाकांचा रस्ता १८३० साली खुला झाला. रेल्वे आधी खोपोलीपर्यंतच आली होती, १८५६ मध्ये. पुढे घाटातून आगगाडी सुरू झाली १८६३ साली. मधल्या सात वर्षांत प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून, बैलगाडीने घाट चढत. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. ज्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली, त्याचं. चालक तिथे नाणं टाकून पुढे जातात, आम्हीही टाकलं. अण्णांनी खाली वळून पाहिलं. नळांच्या रांगा त्यांना दिसल्या की नाही, मी विचारलं नाही.

पहिला मुक्काम भिगवणला. उजनी धरणाचं पाणी इथपर्यंत पसरतं आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. कुंभारगावचे मच्छीमार सकाळी होडीतून नेतात. होडीत एक सोय अशी, की हवं ते समोर आणता येतं. आम्ही नावाड्याला अण्णांची अडचण सांगितली. त्याने होडीचं तोंड पक्ष्यांकडे केलं, वल्हं थांबवलं आणि हळूच म्हणाला, ‘बाबा, आता नाकासमोर बघा.’ थोड्या वेळाने थवा उठला. पंखांखालचा तो लालबुंद रंग. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे आपलंच पाणी, वळवलं नसतं तर.’

पंढरपुरात या ‘आपल्या’ पाण्यावरून वाद झाला. वाळवंटाकडे जाताना एका टपरीवर चहा घेत होतो. अण्णांनी चहावाल्याला आपली नोकरी सांगितली. तो म्हणाला, ‘म्हणजे आमचं पाणी तुम्ही कोकणात सोडून दिलंत!’ अण्णा म्हणाले, ‘मी सोडलं नाही, मी फक्त मोजलं.’ बोलणं हसण्यावारी गेलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कृष्णा खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला वळवण्यावर पाणीतंटा लवादापुढे १९७० च्या दशकात पुष्कळ वाद झाला होता. टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडावं, ही मागणी आजही अधूनमधून होते. इकडे आमच्या पाताळगंगेच्या काठची गावं आणि कारखाने त्याच पाण्यावर उभे आहेत. अण्णांसारखा माणूस, ज्याने आयुष्यभर ते पाणी खाली येताना पाहिलं, तोही यात ठाम बाजू घेत नाही. ‘दोघांचीही तहान खरी आहे,’ एवढंच म्हणतात. दर्शनाला मात्र त्यांनी चहावाल्याच्या ओळखीने जायला नकार दिला. रांगेतून गेले.

सोलापूरच्या पुढे मला स्वतःला सगळ्यात जास्त काही दिसलं असेल तर माती. आपण निसर्ग म्हणजे डोंगर आणि धबधबे समजतो. या रस्त्यावर निसर्ग पायाखाली बदलतो. मोहोळच्या आधीपासून काळी जमीन, तिच्यावर ज्वारीची कणसं भरलेली. एका शेतकऱ्याच्या खोपीशी बसून हुरडा खाल्ला, सोबत सोलापुरी शेंगांची चटणी. नळदुर्ग यादीत होता, पण जानेवारीत तिथले नर-मादी धबधबे वाहत नसतात आणि किल्ल्यात चालणं पुष्कळ, म्हणून गाळला. बसवकल्याणही गाळलं. चालुक्यांची राजधानी, बसवेश्वरांची कर्मभूमी; तिथे दोन तासांत उरकून येणं मला बरोबर वाटेना. ते पुढच्या खेपेसाठी ठेवलं. हुमनाबादला चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकावर शुद्ध मराठी. माणिकप्रभूंच्या स्थानामुळे आपली माणसं इथे येत असतातच.

हुमनाबादहून वाट वाकडी करून बिदरला गेलो. हैदराबादेत पाहण्यासारखं कमी नाही. गोवळकोंडा सोडून बिदर कसं धरलं, असं मला अनेकांनी विचारलं. बिदरमध्ये माणूस उभा राहतो तिथे इमारत समोर येते, गर्दी नाही, पायऱ्या कमी, हे एक कारण. दुसरं कारण महमूद गावानचा मदरसा. बहमनी राज्याच्या या वजिराने १४७२ च्या सुमारास बांधलेलं हे विद्यापीठच म्हणा. अर्धी इमारत पडली, एक मनोरा उभा आहे, आणि दर्शनी भिंतीवर मूळच्या रंगीत फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. निळा, पांढरा, हिरवट. दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. अण्णांनी भिंतीपासून दोन हातांवर उभं राहून एकेक तुकडा पाहिला, जणू मीटर वाचत होते. बाकीची मंडळी इमारत मागे जाऊन पाहत होती. ते जवळ जाऊन.

बिदरची माती लाल, आमच्या माथेरानच्या जांभ्यासारखी. जहीराबाद सोडलं की थोड्या अंतराने काळा पाषाण संपतो. सह्याद्रीपासून आपल्या सोबत आलेला हा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पुढे हैदराबादकडचा ग्रॅनाइट, त्याहून कितीतरी पटींनी जुना. रस्त्याकडेला एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोल गोल धोंडे दिसायला लागतात. भाच्याने हिशेब केला, आपण तीन दिवसांत दोनशे कोटी वर्षं मागे आलो. हैदराबादेत एक रात्र काढली, नातेवाइकांकडे. तिथला पाहुणचार हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

विजयवाड्याला कृष्णा भेटली. तिच्यावरचा प्रकाशम बंधारा १९५७ सालचा. त्याआधी १८५० च्या दशकात बांधलेला जुना बंधारा होता. सकाळी बंधाऱ्यावर गेलो. अण्णांनी दारं मोजली, सवयीने. एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला वाळू. ते म्हणाले, ‘इथेही पुढे फार कमी जातं.’ पाणी इथून कालव्यांनी दोन्ही तीरांवर वाटलं जातं. मछलीपट्टणमकडे जाणारा कालवा म्हणजे बंदर कालवा, रस्ता बंदर रोड. मछलीपट्टणमला तिकडची माणसं नुसतं ‘बंदर’ म्हणतात. आपलाच शब्द. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या राज्याचं हे मोठं बंदर होतं. डच, इंग्रज, फ्रेंच सगळे इथे वखारी घालून होते. हिरे आणि छापील कापड इथून बाहेर जाई. जवळच्या पेडणा गावात कलमकारीचे ठसे अजून उमटतात.

शेवटच्या सत्तर किलोमीटरांत आई एकदम पुढे वाकली. दोन्ही बाजूंना भातखाचरं, कापणी झालेली, आणि त्याच ओलीवर वाढलेलं हिरवं पीक. ‘अहो, हे तर आपल्यासारखंच!’ आमच्याकडे भात निघालं की त्या ओलीवर वाल पेरतात; इथे उडीद. अकराशे किलोमीटर आलो, काळी माती, लाल माती, धोंडे सगळं ओलांडून, आणि शेवटी पुन्हा घरच्यासारखी खाचरं.

मंगिनपुडीचा किनारा गावापासून थोडा दूर आहे. जो भेटला तो सांगत होता, सूर्योदयाला जा, पूर्वेचा समुद्र आहे. सल्ला चांगला होता, आमच्या उपयोगाचा नव्हता. अलिबागच्या किनाऱ्यावर दुपारनंतर सूर्य समोर असतो, डोळे मिटून घ्यावे लागतात. पूर्व किनाऱ्यावर त्याच वेळी सूर्य पाठीमागे असतो. म्हणून आम्ही मुद्दाम चारच्या सुमारास पोचलो. वाळू काळसर, चिखलाकडे झुकणारी, समुद्र उथळ आणि मातकट. नुसतं दृश्य म्हणून याहून सुंदर किनारे कोकणात दहा सापडतील. पण ऊन पाठीशी होतं आणि क्षितिजापर्यंत सगळं पाणी लख्ख दिसत होतं. अण्णांनी टोपी काढली, काळा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पुढे चालू लागले. भाचा धावला, तर हाताने थांबवलं. घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन ते उभे राहिले. मी घड्याळ पाहिलं नाही, आईने पाहिलं. ती म्हणते, वीस मिनिटं.

परतीचा बेत निघण्याआधीच ठरलेला होता. आडव्या प्रवासात लोक जाण्याचा विचार करतात आणि येण्याचा विसरतात. तेवढेच किलोमीटर, तीच माणसं, थकलेली. अण्णा आणि आई यांना विजयवाड्याहून कोणार्क एक्स्प्रेसने पुण्यापर्यंत पाठवलं, तिथे भाऊ घ्यायला आला होता. मी आणि भाचा गाडी घेऊन तीन दिवसांत परतलो.

गाडीत आमच्याबरोबर आणखी एक जिन्नस होता. मछलीपट्टणमच्या मासळी बाजारात आईने सुकी मासळी हेरली होती. तेलुगू येत नसताना तिने भाव केला, वजन तपासलं, आणि साजगावच्या यात्रेपेक्षा स्वस्त पडली, म्हणून दुप्पट घेतली. वातानुकूलित डब्यात हे नेता येणार नाही, असं अण्णांनी बजावलं. त्यामुळे ते गाठोडं आमच्या गाडीत आलं. सूर्यापेठपर्यंत आम्ही काचा खाली ठेवल्या. सोलापूरच्या लॉजवाल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, ‘ताई, तुम्ही कोकणातल्या का?’